दोन सेफीड आणि ह्यांची परीक्षा

मुलीने कोलशेतचा वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. "आई, बाबांना आता काही कळत नाही. आणि तुला एकटीला झेपत नाहीये."

"कळतं त्यांना. परीक्षा घेऊ हवी तर," मी म्हटलं. "पास झाले तर इथेच नौपाड्यात राहतील."

विषय घरचाच होता. हे कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्तीनंतर दुर्बिणींनी काढलेले आकाशाचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून आम्ही दोघं दुपारभर सेफीड तारे मोजत बसायचो. हे तारे ठरावीक काळाने उजळतात, मंदावतात. दोन ताऱ्यांची ही फेरी सारख्याच दिवसांची असेल तर मूळ तेजही सारखं. मग जो अंधूक दिसतो तो लांबचा, आणि त्याची दीर्घिकाही लांबची.

लग्न नवं असताना ह्यांनी मला असाच एक आलेख काढायला बसवलं होतं. मी गणितातली बी.एस्सी., नाक छताला टेकलेलं! या शास्त्रात अंधूक ताऱ्याला मोठा आकडा देतात, हे विचारायची बाईसाहेबांना गरजच वाटली नाही. मोठा आकडा म्हणजे जास्त उजळ समजून लांबची दीर्घिका मी थेट अंगणात आणून बसवली. "चहाला बोलवू का तिला?" हे म्हणाले.

रविवारी मी दोन आलेख छापून ह्यांच्यापुढे ठेवले. "अहो, यातला लांबचा कोणता?"

हे बघत राहिले. लाळ गळली, ती मुलीने पुसली. मग त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. "नाही सांगता येत."

"बघितलंस?" मुलगी हळूच म्हणाली.

मी चष्मा लावला. पानभर छापायच्या नादात आलेख ताणले गेले होते. वळणाने जुळे, पण खाली छापलेले दिवस वाचले तर एकाची फेरी दुसऱ्याच्या तिप्पट, आणि उजळ दिसत होता तोच. तो जवळ आहे की मुळातच तेजस्वी, हे दोन तारे नुसते शेजारी ठेवून सांगताच येत नाही. "अगं, बरोबर आहे त्यांचं! मीच चुकीचे ठेवले!"

"आई, पुरे."

जन्मभर मी या पोरीची फिरकी घेत आले. आता खरं बोलले, तर तिला तीही थापच वाटली.

भांडले असते. पण गेल्याच आठवड्यात ह्यांना उचलताना मी बाथरूममध्ये पडले होते, आणि शेजारीण येईपर्यंत आम्ही दोघं ओल्या फरशीवर तसेच पडून होतो. तारे कळले म्हणून माणूस उठून उभा राहत नाही.

सोमवारी मी ह्यांची बॅग भरत होते. हे खुर्चीतून बघत होते.

"तुझ्या साड्या?" त्यांनी विचारलं.

"मी रोज येईन," मी म्हटलं, आणि चेन ओढली.