सावित्रीवयनीचा मंगळवार

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत काजूचा एक कारखाना आहे. तिथल्या निवडणीच्या खोलीत सहा टेबलं आणि टेबलाला चार अशा चोवीस बायका बसतात. अख्खा काजू एकीकडे, पाकळी दुसरीकडे, तुकडा तिसरीकडे. शेवटच्या टेबलावर खिडकीच्या अंगाला बसते ती सावित्री शिवगण. वय बावन्न, घर पालीच्या आतल्या एका वाडीत. नवरा भायखळ्याला एका गोदामात कामाला. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो आणि मे महिन्यात आठ दिवस येऊन घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा चुकलेली आहे असं सांगून जातो. मुलगा विनीतही मुंबईलाच. तिला स्वतःबद्दल विचारलंत तर म्हणेल, "माज्यात काय हाय मेलं सांगन्यासारखं?" तिच्यावर बिलकूल विश्वास ठेवू नका.

गोष्ट सुरू झाली ती सकाळच्या एसटीत. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात डबा आणि अळूची जुडी, कानात विनीतनं पाठवलेल्या इअरफोनच्या दोऱ्या, फोन पिशवीच्या तळाशी. जाखडी नाचातली गवळण चालू होती. हातखंब्याला ती संपली आणि फोननं आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावलं. गिटारीची एकच ओळ, विहिरीवरचा रहाट फिरावा तशी गोल गोल. शब्द नाहीत. बंद करावं तर हात मोकळा नाही. मग मागून ढोल आला, कुणीतरी पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज आला, आणि सावित्री ऐकत राहिली. ती इतकी ऐकत राहिली की आपला थांबा गेला हे तिला दोन थांबे पुढे कळलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा हजेरीवर लाल खूण पडली.

इंग्रजी वाचता येत नसल्यामुळे तिनं त्या गाण्याला चित्रावरून नाव दिलं. चित्रात एक निळा मासा होता, म्हणून 'निळा मासा'. मग फोननंच एकेक पुढे केलं आणि 'तीन चंद्र' आलं, 'पेटलेली छत्री' आलं, 'टक्कल पडलेला घोडा' आलं. आकडे मात्र तिला वाचता येत होते. 'टकल्या घोड्या'खाली दोनशे बारा असं लिहिलं होतं. म्हणजे सगळ्या जगात मिळून दोनशे बारा वेळा कुणीतरी हे ऐकलेलं. तिचा जीव कळवळला. एवढा घाम गाळून पोरं वाजवतायत आणि ऐकायला कुत्रं नाही! त्या दिवसापासून ती चुलीवर भात ठेवला की 'टकल्या घोड्या'ला लावून द्यायची, स्वतः परसात असली तरी. एकदा तर तिनं फोनमध्ये बोलून खाली मराठीत लिहूनही टाकलं, "बाळांनो, बरं वाजवता. ढोलवाल्याला जरा जेवायला घाला." दोन दिवसांनी कुठल्या तरी देशातून उत्तरात जोडलेले हात आणि नाचणारी कोळंबी अशी चित्रं आली. ती तिनं सगळ्या वाडीला दाखवली.

तिच्याच टेबलावरची अक्षया बी. एस्सी. झालेली, तिला या गोष्टींतलं कळायचं. "काकू, ह्याला सायकेडेलिक म्हणतात. डोकं गरगरवणारं संगीत. आणि ही पोरं कुठल्या कंपनीची नाहीत, स्वतःचं स्वतः काढतात."

"गरगरत नाय गो," सावित्री म्हणाली, "गरगरनारा डोका थांबता."

इथवर सगळं ठीक होतं. पण आवडती गोष्ट एकट्यानं खाऊन पोट भरत नाही, सावित्रीचं तर मुळीच नाही. आपल्याला जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला तरी दिसावं, या एका हट्टानं तिला पछाडलं. आणि निवडणीच्या खोलीत एक स्पीकर होता.

त्या स्पीकरवरून पूर्वी इतकी भांडणं झालेली की शेवटी बायकांनीच नियम घातला. टेबलाला आठवड्यातला एक दिवस. गाणं नको असेल तर हात वर करायचा, पाच हात वर झाले की मुकादम भिकाजी पाष्टे ते बंद करणार. एकाच टेबलावर तीनदा पाच हात पडले तर त्याचा वार गेला, थेट दिवाळीपर्यंत. शेवटच्या टेबलाचा मंगळवार. फोन सावित्रीचा, कारण नेट तिच्याकडे भरपूर.

पहिल्या मंगळवारी तिनं 'निळा मासा' लावला. अर्ध्या मिनिटात भिकाजी बॉयलरकडे धावला, त्याला वाटलं तिथलंच काहीतरी सुटलं. तो परत येईपर्यंत एकोणीस हात वर होते. दुसऱ्या मंगळवारी 'तीन चंद्र' चार मिनिटं टिकलं. सगळ्यांच्या आधी हात वर गेला तो पहिल्या टेबलावरच्या सगुणाकाकीचा. सगुणाकाकी खोलीतली सगळ्यात जुनी, माहेर दाभोळचं, जिभेला धार. तिचे यजमान तीस वर्षं बोटीवर होते. निवृत्त होऊन घरी आले आणि वर्षाच्या आत गेले. तेव्हापासून ती भजनाशिवाय काही लावत नसे.

"जल्लं मेलं ता गानं!" ती म्हणाली. "शब्द नायत, देव नाय, मानूस नाय. कुनासाठी वाजवतायत?"

टेबलावरच्या नम्रता आणि कमळा दोघी सावित्रीवर उखडल्या. आता एकदाच पाच हात पडायचे, की मंगळवार खलास. "वयनी, आता गपचूप लग्नाची गाणी लावा," नम्रतानं बजावलं. सावित्रीनं मान डोलावली. तिच्या मान डोलावण्याचा अर्थ तिच्या नवऱ्यालाही पंचवीस वर्षांत कळलेला नाही.

मधल्या रविवारी तिनं 'पेटलेली छत्री' लावलं, तर गाण्यामागे चित्रं हलत होती. कुठला तरी जुना सिनेमा, काळापांढरा. अक्षयानं फोनवरच सांगितलं, "ही कल्ट फिल्म आहे, काकू. फार थोड्यांनी बघितलेली, पण ज्यांनी बघितली ते तिच्यापायी वेडे झालेले." अक्षयानं अख्खा सिनेमा शोधून पाठवला. सावित्री पडवीत बसून बघायला लागली. भाषा कळत नव्हती, पण नवरा दाराबाहेर आणि बायको आत, यात न कळण्यासारखं काय असतं?

तिसरा मंगळवार उजाडला. सावित्रीनं स्पीकर जोडला आणि पुन्हा 'निळा मासा'च लावला. नम्रतानं कपाळावर हात मारला. खोलीत हात वर जायला लागणार, तेवढ्यात सावित्री मोठ्यानं म्हणाली, "थांबा गो! ह्याच्यात शब्द नायत, म्हंजे बोलायला जागा हाय. मी तुमाला पिच्चर सांगतंय."

आणि काजू निवडता निवडता, बोलणं चेहऱ्यांवरून जसं उमगलं तसं, तिनं सांगायला घेतलं. एक माणूस बऱ्याच वर्षांनी घरी येतो. बघतो तर घर नाही. आपल्या सड्यासारखा उघडा माळ, आणि मधोमध नुसतं दार उभं, चौकटीसकट. तो मागे जाऊन बघतो, कोणी नाही. पुढे येतो, तर आतून भांड्यांचा आवाज. तो कडी वाजवतो. आतून बायको विचारते, कोण? तो नाव सांगतो. ती म्हणते, "ते तर भायेरगावी असतात."

खोली खदखदून हसली. "बरोबर बोलली!" कमळा ओरडली. "आमचेपन शिमग्याला येतात तवा मी आदी पावन्यांचा तांब्या भायेर काढतंय." मग ज्या त्या टेबलावर बोलाचाली सुरू झाली. त्या माणसानं पत्र पाठवलं होतं का, बाईनं कडी काढावी की नाही, तिला एवढ्या वर्षांत कुणी विचारलं होतं का. मागे रहाट फिरत होता आणि एकही हात वर नव्हता. सावित्रीला धन्य धन्य वाटलं.

"मग? काडली काय कडी?" सगुणाकाकीनं विचारलं.

सावित्री थांबली. खोटं सांगता आलं असतं, पण तिला ते जमत नाही. "म्हाईत नाय. तवाच वाडीतली रेंज गेली, ती कालपन नव्हती."

गाण्याची अजून नऊ मिनिटं बाकी होती, आणि आता बोलायला काही नव्हतं. सगुणाकाकीनं रागानं हात वर केला. फसवणूकच ती. तिच्या टेबलावरच्या दोघींचेही हात गेले. पलीकडून चौथा गेला. भिकाजी बटणावर बोट ठेवून उभा राहिला आणि पाचव्या हाताची वाट बघू लागला. हात वर धरलेल्या बायका दुसऱ्या हातानं काजू निवडत होत्या आणि इतरांकडे डोळे वटारून बघत होत्या. नम्रताचा हात हलला. नम्रतानं केसांची बट कानामागे सारली.

गाणं पुढे गेलं. ढोल थांबला. गिटारीची एकच तार राहिली, आणि तिच्यामागे पाण्यासारखं काहीतरी. चौथा हात दमून खाली आला, मग तिसरा, दुसरा. सावित्रीनं मान वर केली नाही. शेवटी ती तारही थांबली.

"काकी, हात खाली घ्या," भिकाजी म्हणाला. "संपलं."

सगुणाकाकीचा हात अजून तसाच वर होता. तिनं त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं.

"संपला?" ती म्हणाली. "अगो, आता कुटं तो दारातनं आत शिरत हुता."

सावित्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. फोन तसाच टेबलावर टाकून ती उठली, पहिल्या टेबलापाशी गेली आणि काकीच्या शेजारी बाकावर बसली.

"काय दिसलां काकी? आत काय हुतां?"

सगुणाकाकीनं हात खाली घेतला, काजूचा ढीग पुढे ओढला, आणि सांगायला लागली.