जोतिबा आणि तीन घोड्यांची मोटर

जोतिबाला गाव हवालदार म्हणायचं. फौजेतून तो नायक म्हणूनच सुटला होता, पण आमच्या जावळी भागात माणूस पेन्शनीत आला की गावच त्याला एक बढती देऊन टाकतं. जोतिबानं ती कधी नाकारली नाही. मला तो कंपौंडर म्हणायचा, आणि मी खरोखरच कंपौंडर होतो. कोयनेच्या फुगवट्याच्या अलीकडच्या काठावर एक लहान दवाखाना होता, तिथं वाईहून माझी बदली झाली ती बहात्तर साली. जोतिबा त्याच वर्षी दवाखान्याच्या बोटीवर रोजंदारीनं लागला. फौजेत तो पूल बांधणाऱ्या कंपनीत होता आणि पूर्वेकडच्या नद्यांतून त्यानं मोटरबोटी हाकल्या होत्या. एवढं शिकलेला माणूस आमच्या त्या डबड्याला मिळाला हे आमचं नशीब आणि त्याचं दुर्दैव.

बोट म्हणजे पाच माणसांची डिंगी. तिच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळलेली तीन घोड्यांची मोटर. ही मोटर आमच्याकडं येण्याआधी आणखी दोन ठिकाणी नांदून आली होती आणि दोन्हीकडून तिला परत पाठवलं होतं. तिची दुखणी मी आजही पाठ म्हणून दाखवीन. पेट्रोलमध्ये ऑइल जरा जास्त झालं की प्लग काळा पडायचा. कमी झालं की ती तापून बसायची. धरणाच्या पाण्याखाली जुन्या रानाचे खुंट तसेच उभे होते; पंखा खुंटावर आदळला की त्याची पितळी पिन तुटायची, मग मोटर नुसती ओरडायची आणि बोट जागची हलायची नाही. सकाळच्या धुक्यात दोरी वीस वीस वेळा ओढावी लागायची. मला पोहता येत नाही आणि पाण्याची मनापासून भीती वाटते. त्यामुळं मी त्या मोटरीला जे जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जोतिबा मात्र तिला कधी शिवी द्यायचा नाही. खिशात नेहमी चार पिना, एक जादा प्लग आणि सँडपेपरचा तुकडा. पेट्रोल तो धोतराच्या फडक्यातून गाळून भरायचा. मी कुरकुर केली की म्हणायचा, यंत्राला तोंड न्हाई कंपौंडर, तवा त्याच्या वाटणीचं आपुन बोलायचं. दोन वर्षांत त्यानं आम्हाला एकदाही पाण्यावर अडकवून ठेवलं नाही. उशीर झाला, वल्ही मारावी लागली, पण पोचलो. पलीकडच्या वाड्यांना दवाखाना म्हणजे तोच होता. काठावर मोटरीचा आवाज आला की बाया पोरांना घेऊन खाली उतरायच्या.

त्याची बायको हरणाबाई ही पलीकडच्याच खिरवाडीची. धरणात मूळ वाडी गेली तेव्हा अर्धी माणसं लांब पंढरीच्या बाजूला जमिनी घेऊन गेली. हरणाबाईचा भाऊ आकाराम गेला नाही. तो डोंगरावर वर सरकला आणि उतारावर नाचणी, वरी करू लागला. आईबाप नव्हते, दुसरं भावंड नव्हतं. हरणाबाईचं माहेर म्हणजे आकाराम एवढंच. जोतिबानं बोटीचं काम धरलं तेही तिच्यासाठीच असं मला वाटतं, कारण महिन्यातून दोनदा तरी तो तिला फेरीबरोबर भावाकडं सोडून यायचा. खात्याच्या नियमात हे बसत नव्हतं. मी बघितलं नाही असं करायचो.

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते हे काही मी सांगायला नको. कुदळ, कोयता, विळी, जोतिबाचा फौजेतला वस्तरा, सगळं धुऊन पाटावर मांडलेलं. त्या वर्षी जोतिबानं मोटरही खांद्यावर टाकून घरी नेली. रॉकेलच्या फडक्यानं पुसून चकचकीत केली आणि देवासमोर ठेवली. मी प्रसादाला गेलो तेव्हा हरणाबाई पूजा करत होती. तिनं हळद-कुंकू पाण्यात कालवून चांगलं दाट केलं होतं, आणि मोटरीच्या डोक्यावर, म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर, पाची बोटं भरून ते लावलं. वर अक्षता दाबून बसवल्या. भावाच्या गावाला नेणारी मोटर म्हणून हरणाबाईचा तिच्यावर जीव होता. आमच्यात पूजेचं कुंकू कोणी पुसत नाही, ते आपोआप जाईल तेव्हा जातं. दसऱ्याच्या दिवशी हत्याराला विसावा, म्हणून मोटर तशीच पाटावर राहिली. त्या संध्याकाळी जोतिबानं जुन्या फौजी दोस्तांबरोबर रमचे दोन पेले घेतले. वर्षातून एकदा घ्यायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुळा नावाचा धनगर होडी वल्हवत आमच्या धक्क्याला लागला. घामानं निथळत होता. खिरवाडीत पहाटे नाचणी राखताना आकारामला गव्यानं उचलून टाकलं होतं. मांडी फाटली होती आणि रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जागेवर काही होणार नाही, इकडं आणा, मी तयारी करून ठेवतो. जोतिबानं मोटर लावली आणि आम्ही निघालो. जाताना टाकीत अर्धंच पेट्रोल होतं. पलीकडच्या काठाजवळ मोटर जरा खोकली, पण आम्ही पोचलो. पाऊण तास लागला.

आकारामला मी घट्ट बांधलं. शुद्धीवर होता. चौघांनी उचलून त्याला डिंगीत निजवलं. तेवढ्या वेळात जोतिबानं डब्यातलं सगळं पेट्रोल गाळून टाकी काठोकाठ भरली, मध्ये कुठं थांबायला नको म्हणून.

काठापासून थोडं लांब आलो आणि मोटर बंद पडली. जोतिबानं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं, प्लग बदलला, दोरी ओढली. चालू झाली. मला वाटलं, प्लगच होता. त्यालाही तसंच वाटलं असणार. काही मिनिटांत परत बंद. पुन्हा झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं, कार्बोरेटर उघडून फुंकला, दोरी ओढली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मी आकारामच्या मांडीवर दोन्ही हात दाबून बसलो होतो आणि माझ्या बोटांमधून रक्त येतच होतं.

आकाराम ओरडला नाही. दोनदा एवढंच म्हणाला, अगदी हळू, रोजच्यासारखं.

"दाजी, चालू करा की."

शेवटी जोतिबानं मोटर सोडली आणि वल्ही घेतली. दुपारचं वारं समोरून होतं. तळहाताची सालं निघेपर्यंत तो वल्हवत राहिला. धक्क्यावर डॉक्टर आणि चार माणसं उभी असलेली दिसायला लागली तेव्हा माझ्या हाताखालचं रक्त थांबलं. ते का थांबलं हे कळायला कंपौंडर असायची गरज नव्हती. मी जोतिबाला लगेच सांगितलं नाही. तो वल्हवत होता, त्याला वल्हवू दिलं. ते माझं चुकलं की बरोबर होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हरणाबाई धक्क्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी उरकून आल्यावर जोतिबा मला म्हणाला, मोटर बघायची. पाण्याच्या पिंपाला मोटर आवळली आणि चालू केली. व्यवस्थित चालली, आणि थोड्या वेळानं तशीच दम तोडून बंद पडली. त्यानं झाकण फिरवलं. उघडताना आतून हवा ओढल्याचा बारीक आवाज झाला. तो आवाज आदल्या दिवशीही झाला असणार, पण तेव्हा ऐकायला कोण होतं? जोतिबा थांबला. झाकण उलटं करून त्यानं उन्हाकडं धरलं.

त्या झाकणाला हवा जायला एक बारीक भोक होतं. मूळचा स्क्रू केव्हाच हरवलेला. खांद्यावरून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून जोतिबा त्यात काडी खोचायचा आणि चालवताना काढायचा. काडी पूजेआधी पुसतानाच काढलेली होती, आणि आदल्या दिवशी ती नाही हे त्यानं बघितलं होतं. पण काडी नसलेलं भोक कुंकवाखाली होतं. मी पेटीतली इंजेक्शनची सुई दिली. तिनं त्यानं भोक कोरलं. वाळून घट्ट झालेली हळद आणि तिच्यात अडकलेला एक तांदळाचा दाणा बाहेर आला. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. झाकण उघडलं की हवा जायची, मोटर चालू व्हायची. टाकी जितकी भरलेली तितकी आत हवा कमी, आणि तितकी मोटर लवकर बंद पडायची. जाताना टाकी अर्धी होती म्हणून पोचलो, आणि येताना त्यानं ती काळजीनं भरली होती.

त्यानं झाकण फडक्यानं पुसून स्वच्छ केलं. कुंकू पूर्ण जाईपर्यंत पुसलं.

आठवड्यानं चौकशीला साहेब आले. मी जोतिबाला म्हटलं, जे झालं ते सांग. पूजा सगळेच करतात, साहेबांच्या जीपलाही हार आहे. नोकरी राहील. जोतिबानं मला दवाखान्यामागं नेलं.

"तिनं आपल्या हातानं भाऊ मारला, आसं तिला कळू द्यायचं व्हय, कंपौंडर?" तो म्हणाला. "भोक बघायचं काम माझं हुतं. म्या न्हाई बघितलं. तेवढंच खरं हाय. तुमी तोंड उघडणार न्हाई, शपथ घ्या."

मी घेतली. मला राग आला होता, त्याचा, माझा, त्या मोटरीचा, तरी घेतली. साहेबांपुढं जोतिबानं प्लग साफ करायचा राहिला असं लिहून दिलं आणि सही केली. त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

गावाला कारण मिळालं आणि गावानं त्यात रमचे दोन पेलेही घातले. हवालदार दसऱ्याला पिऊन पडला होता, मोटर कोण बघणार? हरणाबाईनंही हेच धरलं. ती घर सोडून गेली नाही, जायला माहेरच उरलं नव्हतं. ती भाकरी करून त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि उठून जायची. बोलायची नाही. दारावरून जाताना बाया तिच्याशी बोलत आणि तो ओट्यावर असेल तर मान फिरवत. जोतिबा लोकांच्या शेतावर इंजिनं दुरुस्त करत हिंडायला लागला, उंब्रजपर्यंत जायचा. पंपाचं इंजिन उघडलं की आधी टाकीचं झाकण हातात घेऊन उन्हाकडं धरायचा, असं मला एकानं गंमत म्हणून सांगितलं. मला हसू आलं नाही. नवीन बोटवाला आला, नवीन मोटर आली, तीही बंद पडायची. पलीकडच्या बाया मात्र म्हणायच्या की जोतिबापेक्षा बरी.

मी अनेकदा त्याच्या ओट्यावर बसायचो. आम्ही पावसाचं बोलायचो, पेन्शनचं बोलायचो. एकदा मी विषय काढला तर तो उठून आत गेला. पाच वर्षांत त्याचे केस पार पांढरे झाले.

एकोणऐंशी साली माझी बदली झाली. निघायच्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो. जोतिबा उंबऱ्यावर बसला होता. हरणाबाईनं मला चहा दिला आणि नेहमीसारखी आत न जाता समोर उभी राहिली.

"कंपौंडर, तुमी आता जाणार," ती म्हणाली. "तवा एक इचारते, खरं सांगा. त्या दिशी मोटर कशानं बंद पडली? मी लय मनापास्नं पूजा केली हुती. माझ्या मनात रोज येतं, पूजंत माझ्या हातनं काय चुकलं आसंल का?"

पाच वर्षं ती हेच घेऊन बसली होती, आणि आम्हा दोघांना वाटत होतं की तिचं न बोलणं म्हणजे त्याच्यावरचा राग आहे. माझ्या हातात कप होता. मी जोतिबाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

मी म्हणालो, "पूजेचा काय संबंध, वहिनी? प्लग साफ नव्हता. त्यानं बघायला पाहिजे होता, त्यानं बघितला नाही."

"म्हंजी ह्यांचीच चूक."

"त्याचीच."

तिनं पदरानं डोळे पुसले. पाच वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. "मंग माझं काय चुकलं न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.

मी उठलो. उंबऱ्यावर जोतिबा बाजूला सरकला, मला वाट दिली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.