पाहुण्यांसाठी साफ केलेला ढीग

नागपुरात कळमन्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका संत्र्याच्या अडत्याचं गोदाम आहे. त्याच्या मागच्या कुंपणाला लागून सडक्या संत्र्यांचा ढीग असतो. गेली काही वर्षं मी त्या ढिगावर लक्ष ठेवून आहे. घरच्यांचे वाढदिवस माझ्या लक्षात राहत नाहीत. ढिगावर शेवटची ट्रॉली कधी पडली, ते मात्र मला विचारा.

कारण सांगते. संत्र्याच्या सालीत तेल असतं. सोलताना डोळ्यांत उडतं तेच. त्या तेलाने जिवाणू मरतात. म्हणून संत्र्याचा कचरा बायोगॅसच्या टाकीत टाकला की थोड्या दिवसांत टाकी बसते, गॅस बंद होतो. पण या ढिगाच्या तळाशी, कुणी कधी न हलवलेल्या काळ्या थरात, काहीतरी जगत होतं आणि साली पचवत होतं. हात घातला की गरम लागायचं. काठी खुपसली की बुडबुडे यायचे. ते जिवाणू कोण, तेल कसं सोसतात, हे त्यांच्या डीएनएवरून वाचायचं आणि जमलं तर त्यांनाच टाकीत कामाला लावायचं, एवढं माझं काम.

दक्षिण युरोपातल्या एका विद्यापीठाला हाच प्रश्न पडला होता. त्यांच्याकडे रसाचे कारखाने, सालींचे डोंगर आणि चाचणीच्या मोठ्या टाक्या होत्या. माझ्याकडे जुना तळ असलेला ढीग होता. एका परिषदेत ओळख झाली आणि मग पडद्यावरच्या बैठका सुरू झाल्या. त्यांची सकाळ, आमची जेवण होऊन पेंगायची दुपार. मी उभी राहूनच बोलायची. बसलं की वाटायचं, आपण वाट पाहतो आहोत.

कराराच्या मसुद्यात एक ओळ होती: नमुने नागपूरचे, वाचन आणि विश्लेषण तिकडे. मी ती खोडून पाठवायची, पुढच्या मसुद्यात ती परत हजर. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मोठी यंत्रं त्यांच्याकडे, तेव्हा काम तिकडेच होणार, असं त्यांनी धरलं होतं. पण नमुने पाठवणाऱ्या लॅबचं काय होतं ते मी पाहिलं आहे. शोधनिबंधात कुठेतरी मध्ये नाव येतं, आणि त्यांना दुसरा ढीग सापडला की तेही येत नाही. आमच्याकडे डीएनए वाचणारं एक लहान यंत्र होतं आणि ते चालवणाऱ्या दोन मुली मी तयार केल्या होत्या. काम तिकडे गेलं असतं तर त्या दोघी पुण्या-बंगळुरूला गेल्या असत्या आणि यंत्रावर कापड पडलं असतं.

शेवटी तिकडच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, मी स्वतः येते. तळाचा थर माझ्यासमोर काढा, त्याच दिवशी तुमच्या लॅबमध्ये डीएनए काढून दाखवा. पटलं तर वाचन नागपुरात.

त्या आठवड्यात मी एका जागी बसले नाही. प्रताप नगरच्या आमच्या घरी माझी मोठी बहीण खालच्या मजल्यावर राहते. तिने मला गच्चीवर फेऱ्या मारताना पाहिलं.

"काय वं, पाहुणे नवरी पाहाले येऊन राहिले का कचरा पाहाले?"

"कचरा."

"मंग इतकी कायले फिरून राहिली? त्याले काय दागिने घालाचे हायेत?"

मी हसले आणि फेऱ्या चालू ठेवल्या.

आमचे विभागप्रमुख मनाने चांगले आहेत, पण पाहुणा म्हटला की त्यांच्या डोक्यात लग्नघर सुरू होतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, दारावर फ्लेक्स. मी त्यांना एवढंच सांगितलं, "सर, फ्लेक्सवर बाईंचं नाव नीट लिहायला सांगा." ते म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका, मी सगळीकडे बोलून ठेवलंय." सगळीकडे म्हणजे कुठे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सकाळी मी माझ्या गाडीतून बाईंना गेस्ट हाउसवरून घेतलं. पुढच्या सीटवर शालीची पिशवी आणि नारळ घेऊन सर, मागे बर्फाची पेटी घेऊन बाई. त्यांनी जुने जाड बूट घातले होते. घाणीत उतरायला आलेलं माणूस आहे, हे पाहून मला बरं वाटलं. थंडीचे दिवस, आंबिया बहाराचा माल बाजारात, रस्त्यावर संत्र्यांचे ट्रक. बाईंनी काच खाली करून वास घेतला.

गोदामाच्या फाटकातच रांगोळी दिसली तेव्हा मी गाडी तिथेच थांबवली. अडतेभाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत उभे होते. आतल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या सरळ रेषा. मागच्या कुंपणापाशी सपाट, पांढरीशुभ्र जमीन. ब्लीचिंग पावडरचा वास नाकात चढत होता.

"भाऊ, ढीग कुठे आहे?"

"कोन्ता ढीग जी?"

"इथला. सडक्या मालाचा."

"थो? कालच काढला नं! तुमच्या साहेबांचा फोन आलता. इदेशी पाहुणे येऊन राहिले, जराशी साफसफाई करून ठेवा म्हने. म्या म्हटलं, जराशी कायले, लोडरच लावतो. बाप्पा, काय घाण होती म्याडम! खाली पार काळं काळं निघालं. मंग पावडर मारली."

"ते काळंच बघायला बाई आल्या आहेत."

अडतेभाऊंनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घाण पाहाले?"

"हो."

"थेट तिकून? इमानानं?"

"हो."

"तं सांगाचं नं म्याडम! आपल्याकडं घाणीची कमी हाये का?"

तोवर सरांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली होती. आमचं बोलणं कानावर पडलं तसा त्यांचा हात नारळासकट हवेतच थांबला. बाई शालीसकट वाकल्या, पांढरी पावडर बोटावर घेऊन हुंगली. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हीच ती जागा?" त्यांनी विचारलं.

"होती," मी म्हणाले.

रागवायला वेळ नव्हता. मी अडतेभाऊंना विचारलं, माल टाकला कुठे. भंडारा रोडला, त्यांच्या मेहुण्याच्या वावरात, एक खड्डा बुजवायचा होता तिथे. मी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर घेतला आणि सगळ्यांना परत गाडीत बसवलं.

पारडीच्या पुढे ट्रकांची रांग लागली होती. मी गिअर बदलत राहिले. शेजारी सर हळूच म्हणाले, "मॅडम, मला वाटलं, बाहेरचे पाहुणे..."

"सर, नंतर."

मागून बाई बोलायला लागल्या. आवाज मऊ होता. "तुमच्या फ्रीजरमध्ये जुने नमुने असतील ना? परवानगी काढून ते पाठवा, वाचन आम्ही करू. यात कुणाचा दोष नाही. अशा गोष्टी होतात."

तीच ओळ मसुद्यातून निघून माझ्या गाडीत येऊन बसली होती. आणि आता ती सहानुभूती म्हणून आली होती, त्यामुळे खोडायला जास्त जड. सरांनी मान डोलवायला सुरुवात केली होती.

"फ्रीजरमधले वरच्या थराचे आहेत," मी म्हणाले. "तळाचे थोडे होते, ते तपासण्यातच संपले. आपण तळच बघायला चाललोय."

"तो मिळेल असं वाटतं तुम्हाला?"

"मिळाला तर मिळेल," मी म्हणाले आणि एका टँकरला ओव्हरटेक केलं.

खरं तर मी गाडी चालवता चालवता हिशेब मांडत होते. लोडर आधी वरचं उचलतो. म्हणजे तळ शेवटच्या ट्रॉलीत गेला असणार. पावडर ढीग हलवल्यावर जमिनीवर मारली होती, ढिगावर नाही. म्हणजे शेवटची ट्रॉली शोधायची. ती उघड्यावर पडून एक रात्र झाली होती आणि तळाच्या जिवाणूंना हवा सोसत नाही. पण लोडरने काही तळ चाळणीतून काढला नव्हता. मोठमोठे गोळे निघाले असतील, आणि गोळ्याच्या आतपर्यंत एका रात्रीत हवा जात नाही. निदान जाऊ नये.

वावरात ट्रॅक्टरवाला उभाच होता. "जय भीम म्याडम. काय हरवलं जी?"

"शेवटची ट्रॉली कुठे उलटवली?"

त्याने खड्ड्याच्या पलीकडच्या काठाकडे बोट केलं. तिथे काळा ढिगारा होता, वरून सुकून भेगाळलेला. मी ओढणी कमरेला बांधली, हातमोजे चढवले आणि डोक्याएवढा एक गोळा फोडला. आत ओलं, काळं आणि कोमट होतं. आंबट वास आला. मी तो वास ओळखते.

"बाई, पेटी!"

त्या शाल खांद्यावर तशीच ठेवून गुडघ्यांवर बसल्या. आम्ही गोळे फोडत गेलो आणि आतला गर तेवढा नळ्यांमध्ये भरत गेलो. सर पेटीचं झाकण उघडत होते, बंद करत होते. एका हातात नारळ अजून होताच, कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. ट्रॅक्टरवाला पुढे येऊन म्हणाला, "साहेब, द्या तो नारळ, मी धरतो."

परतताना मी सिग्नलवर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. बाई म्हणाल्या, "शांत व्हा." मी म्हटलं, "लॅबमध्ये."

लॅबमध्येही झाले नाही. दोघी मुली तयार होत्या, काम लगेच सुरू झालं. संत्र्याच्या कचऱ्यात तेल आणि चिकट गर असतो. ते डीएनएला धरून बसतात आणि मग यंत्र काही वाचत नाही. यात आमचे कित्येक महिने वाया गेले होते. त्यातून आम्ही धुण्याची एक पद्धत बसवली होती: डीएनए काढण्याआधीच नमुना थंड द्रावणात पुन्हा पुन्हा खळबळायचा. बाई मुलींच्या मागे उभ्या राहून पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच हातमोजे घातले.

"किती वेळा धुता?"

"द्रावण नितळ दिसेपर्यंत," मी म्हणाले.

"आमचे नमुने इथेच अडकतात. निम्मे फेकावे लागतात." त्यांनी नळी उजेडात धरली. "हे तुम्ही कधी कळवलं नाहीत."

"तुम्ही नमुने मागितले होते. पद्धत विचारली नव्हती."

डीएनए किती निघाला ते मोजलं, तो पुरेसा होता. बाईंनी परत मोजायला लावलं, परत पुरेसाच होता. मग त्यांनी आमच्या लहान यंत्रावरचं कापड स्वतः काढलं आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. सरांनी चहा मागवला. मी खिडकीपाशी जाऊन आले, दारापाशी जाऊन आले, आणि एका मुलीने मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का? टेबल हलतंय."

वाचनात काय निघालं ते कळायला आणखी बरेच दिवस गेले. तळाचे सगळे जगले नव्हते, पण जे सापडले ते आधी कुणी नोंदवलेले नव्हते. तोवर बाई परत गेल्या होत्या. त्यांचा नवा मसुदा आला. वाचन नागपुरात, विश्लेषण दोन्हीकडे, धुण्याची पद्धत आमच्या नावाने, एका हंगामानंतर फेरविचार. मी काही न खोडता सही केली.

"झालं लग्न?" ताईने विचारलं.

"साखरपुडा."

एक हंगाम म्हणजे काहीच नाही. आता तो सुरू झाला आहे. कुंपणापाशी नवा ढीग बसतो आहे, त्याला तळ धरायला वेळ लागेल, आणि तोवर वावरातल्या खड्ड्यावर आमचं काम चालू आहे. दोघी मुली अजून नागपुरात आहेत. बाई पुन्हा यायच्या आहेत. त्या येणार हे ठरलं त्याच दिवशी मी अडतेभाऊंना स्वतः फोन केला. सरांच्या आधी.

"भाऊ, ढिगाला हात लावायचा नाही. पावडर नाही, लोडर नाही, काही नाही."

"हो जी, समजलं. पन म्याडम, पाहुणे येऊन राहिले..."

"भाऊ."

"चुन्याची एक लाइन तरी? लांबून?"

काल जाऊन पाहिलं. लाइन मारलेलीच होती, ढिगाभोवती गोल. मी वाकून चुना कुठवर उडालाय ते तपासलं. ढिगापर्यंत पोचला नव्हता. राहू दिली.