बरकतीची चिमूट

"मुकी हाय का जी हे पोट्टी?"

"मुकी नाही काका, इंग्लिश मीडियम हाय."

धूर ओढणाऱ्या फ्यूम हूडच्या आडोशाला मी क्रुसिबल, म्हणजे पूड तापवायची मूस, पुसत होते. प्रश्न आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाई काकांचा, उत्तर प्रोजेक्टमधल्या माझ्या जोडीदार मैत्रिणीचं. दोघंही खळखळून हसले. मीही हसले, पण आवाज न करता. एमएस्सीला आल्यापासून मी "येस सर"च्या पुढे फारशी गेलेच नव्हते. इंग्रजीत बोललं की वर्ग वळून बघायचा, मराठीत बोलायला गेलं की मीच अडखळायचे.

त्या दिवशी नागपूरहून परीक्षक यायचे होते. आमची वाटणी ठरलेली: बोलणं तिचं, गणितं माझी. राइस मिलच्या मागे धानाच्या भुशाची राख ढिगांनी पडलेली असते. ती जवळजवळ सगळी सिलिकाच. मॅग्नेशियमबरोबर तापवली की मॅग्नेशियम तिच्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सिलिकॉन मोकळं होतं. मी ऊर्जेचा हिशेब मांडला तेव्हा घरात एकटीच हसत सुटले होते. हा तर नुसता उतार! पहिला धक्का तेवढा द्यायचा, पुढे आपल्याच उष्णतेवर धावत सुटणार.

मैत्रिणीच्या घरचं धान्याचं दुकान. तिथे माप भरलं की वरून एक मूठ टाकायचीच, नाहीतर गिऱ्हाईक रुसतं आणि लक्ष्मीही. मी मॅग्नेशियम अगदी बेताचं तोललं, तर तिने डबीतून वर एक चिमूट सोडली. चिमूट कसली, पाचही बोटांची!

"अगं—"

"बरकत के लिए, यार."

तेवढ्यात पॅसेजमधून परीक्षकांचा आवाज आला आणि मी घाईने सगळं ढवळून क्रुसिबलमध्ये भरलं.

त्यांच्यासमोर क्रुसिबल तापवली. आत लालभडक उजेड उसळला. ती निवेपर्यंत त्यांनी चहा घेतला. मग मैत्रीण झोकात सांगू लागली की, आता ही पूड सौम्य अॅसिडमध्ये टाकू, बाकीचं विरघळेल, तळाशी तपकिरी सिलिकॉन उरेल. आणि तिने चमचा रिता केला.

टप्प!

एक बुडबुडा वर आला, फुटला, ठिणगी उडाली, पांढऱ्या धुराचं कडं तरंगलं. टप्प, टप्प, टप्प! परीक्षक मागे सरकत स्टुलावर आदळले.

"दिवाळी करून राहिल्या का जी बाई?" काका दारातून ओरडले.

परीक्षकांनी चष्मा सावरला. "हे नुसतं सिलिकॉन नाही. काय केलंय ते सांगता येत नसेल, तर प्रोजेक्ट पास कसा करू?"

मैत्रिणीचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद झालं. डबडबल्या डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या पोटातून हसू वर येत होतं, त्या बुडबुड्यांसारखंच. कारण काय झालंय ते मला पायरी न पायरी दिसत होतं.

"सर, मॅग्नेशियम एक चिमूट जास्त पडलं," मी म्हणाले, आणि मग थांबलेच नाही. "सिलिकॉन मोकळं झालं, पण उतार तिथे संपत नाही. उरलेल्या मॅग्नेशियमला धरून ते आणखी खाली गेलं, सिलिसाइड झालं. अॅसिडमध्ये त्याचा सिलेन वायू निघून राहिला. तो हवा लागताच पेटते आणि पुन्हा सिलिका होते. तो पांढरा धूर म्हणजे आपली भुशाचीच राख आहे, सर, घरी परत चालली. आणखी एक चमचा टाकू?"