जिन्याची उघडी बाजू

टेलरबाईंच्या घराचा जिना तेरा पायऱ्यांचा. चढताना डाव्या हाताला भिंत आणि उजव्या हाताला काहीच नाही. म्हणजे अगदी काहीच नाही, सरळ खाली दुकानाची फरशी. घर बांधलं तेव्हा कठडा नंतर लावू असं ठरलं होतं आणि ते ‘नंतर’ बावीस वर्षं तसंच राहून गेलं. कुणाचं काही अडत नव्हतं. बाई दोन्ही काखांत कापडाचे तागे मारून चढायच्या-उतरायच्या, आणि त्यांचे यजमान तर पोस्टमन. माणसाची छत्तीस वर्षं लोकांचे जिने चढण्यात गेलेली, त्याला घरच्या तेरा पायऱ्यांचं काय कौतुक? निवृत्त झाले तरी गल्लीत सगळे त्यांना पोस्टमनच म्हणायचे. बाईसुद्धा रागावल्या की तेच म्हणायच्या.

मग एका सकाळी दाढी करता करता पोस्टमनच्या हातातून वस्तरा खाली पडला, आणि त्याच्यामागोमाग ते स्वतः. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय पुढे थोडाफार परत आला, फरपटत का होईना. हात नाही आला. जीभ मात्र शाबूत राहिली, उलट पहिल्यापेक्षा जरा जास्तच तिखट झाली.

दवाखान्यातून आणल्यावर वर न्यायचं कसं, म्हणून त्यांची खाट खाली मांडली. खाली कुठे, तर दुकानात. एकच मोठी खोली. पुढे मशीन, मध्ये कापायचं टेबल, मागे स्वयंपाकाचा ओटा आणि जिन्याखाली ही खाट, तिच्यापुढे एक पडदा. आता पडदा असला तरी पडद्यामागे पुरुष आहे हे माप द्यायला आलेल्या बाईला कळतंच हो. आतून नुसता खोकला आला की ती खांदे आवळून घ्यायची आणि बाईंचं माप चुकायचं. म्हणून पोस्टमननी आपली आपण एक रीत लावून घेतली. गिऱ्हाईक आलं की भिंतीकडे वळायचं, वर्तमानपत्र तोंडावर ओढायचं आणि श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

अकरा महिने हे चाललं. मग एकदा एक नवीन बाई कोटाचं माप देता देता हळूच म्हणाली, आत कुणी आहे का? टेलरबाई उत्तर देणार, तेवढ्यात पडद्यामागून वर्तमानपत्राखालचा आवाज आला, “कुणी नाही.”

ती बाई हसली. टेलरबाईंना हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी चार वाजताच दुकानाचं दार लावलं आणि जिन्याकडे बघत उभ्या राहिल्या. या माणसाला स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पायांनी चढून जाता आलं पाहिजे, एवढं त्यांच्या मनानं घेतलं. आणि बाईंच्या मनानं एकदा घेतलं की संपलंच.

नणंद भेटायला आली तेव्हा तिनं हे ऐकून कपाळाला हात लावला. वहिनी, दादाला आता आहे तिथे सुखानं पडू दे, वर गेला आणि पडला तर कोण उचलणार, त्यापेक्षा दुकानच बंद कर ना, असं ती बराच वेळ सांगत राहिली. बाईंनी तिला चहा दिला, ऐकून घेतलं, आणि ती गेल्यावर सुताराकडे गेल्या.

सुतार आपल्या कामात तरबेज, फक्त नक्षीचं फार वेड. त्यानं दाखवलेला दांडा मनगटाएवढा जाड, वर दोन्हीकडून कोरीव वेल. बाईंनी त्यावर हात ठेवला. बोटं अर्ध्यावरच थांबली. त्या म्हणाल्या की मला शोभेला नको, धरायला हवाय. सुतार म्हणाला, सगळे असाच घेतात. मग बाईंनी पिशवीतून पुठ्ठ्याचा एक गोल काढला. पोस्टमनच्या डाव्या हाताची मूठ वळवून, अंगठा बोटांवर नीट टेकेल असं बघून, त्यांनी तो आदल्या दिवशी कापला होता. याच मापाचं, साधं, घट्ट लाकूड, बाकी काही नको. सुतारानं आयुष्यात पुठ्ठ्यावरून दांडा घडवला नव्हता. पण बाईंसमोर कुणाचं चालतंय?

शिवणकामात आधी कच्चे टाके घालतात, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघतात आणि मगच पक्की शिलाई मारतात. बाईंनी जिन्यालाही तेच केलं. भिंतीत चार खिळे मारून पडद्याची लाकडी दांडी बांधली आणि पोस्टमनना उभं केलं. एक पायरी, दोन, तीन. कोपर जास्त वाकतंय म्हणून दांडी दोन बोटं खाली घेतली. भिंतीला बोटं घासतात म्हणून थोडी पुढे आणली. तीन पायऱ्या चढून झाल्या की पोस्टमन तसेच, तोंड वरच करून, मागच्या मागे उतरायचे आणि बाई त्यांना कमरेला धरून घ्यायच्या. आठ दिवस ट्रायल चालली. खडूच्या खुणा इतक्या झाल्या की भिंत एखाद्या न कापलेल्या कोटासारखी दिसायला लागली.

दांडा आला तो बाईंनी स्वतः घासला. सुतार म्हणत होता की गुळगुळीत आहे. बाईंनी रेशमाची एक चिंधी घेतली आणि दांड्यावरून टोकापासून टोकापर्यंत ओढली. जिथे धागा अडकला तिथे खूण केली आणि पुन्हा पॉलिश पेपर मारला. असं सात वेळा. मग शेजाऱ्यांचं ड्रिल मागून आणलं, सुताराला बोलावलं आणि भिंतीत भोकं पाडून, प्लग ठोकून, लोखंडी ब्रॅकेटवर दांडा कसला. शेवटी बाई त्याला दोन्ही हातांनी लोंबकळल्या. सुतार बघतच राहिला. दांडा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोस्टमन चढले. डावा हात पुढे, डावा पाय वर, मग उजवा ओढून घ्यायचा. बाई एक पायरी मागे, हात पुढे धरून, पण न लावता. सातव्या पायरीवर ते थांबले तेव्हा बाईंचे हात त्यांच्या कमरेपर्यंत गेले. पण ते नुसते दम खात होते. तेराव्या पायरीवर पोचल्यावर मागे वळून न बघता ते तडक खोलीत गेले, स्वतःच्या पलंगावर बसले आणि खिडकीतून रस्त्याकडे बघू लागले. बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

दुपारी जेवायला खाली चला म्हटल्यावर मात्र गाडी अडली. पोस्टमन जिन्याच्या तोंडाशी आले आणि उभे राहिले. बाई दोन पायऱ्या खाली. त्यांनी दांड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. दांडा आता उजवीकडे होता. लुळ्या हाताकडे. चांगल्या हाताला होती ती उघडी बाजू आणि खाली कापायचं टेबल.

बावन्न वर्षं माणसांच्या पुढच्या-मागच्या बाजूची मापं घेणारी बाई, आणि चढणारा माणूस उतरताना उलटा फिरतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तीन पायऱ्या मागच्या मागे उतरणं वेगळं. तेरा उतरायच्या तर उजवं पाऊल मागची पायरी शोधत हवेतच चाचपडायचं. एकदा करून बघितलं आणि दोघंही घाबरून पुन्हा वर गेली.

बाईंनी स्वतःला बरीच नावं ठेवली. जेवणाचं ताट वर आणताना त्यांचं ते चालूच होतं. तेव्हा पोस्टमन म्हणाले, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. छत्तीस वर्षं जिने चढलोय मी. चढायचा हात वेगळा, उतरायचा वेगळा.”

“मग बोलला का नाहीत?”

पोस्टमननी घास चावून गिळला. “मला वर यायचं होतं. खाली यायचं कुठे म्हटलं होतं मी? वर मोरी आहे, संडास आहे, खिडकी आहे. तुझं दुकान मोकळं झालं. आता तिथे खरंच कुणी नाही.”

बाईंचा संताप झाला. ताट तिथेच ठेवून त्या खाली आल्या आणि भर दुपारी, मशीनवर कुणाची तरी पँट अर्धवट ठेवून, पुन्हा सुताराकडे गेल्या. हा माणूस वर जाऊन मरेपर्यंत बसायच्या बेतात होता, आणि तिथे जायची वाट त्यांनीच सात वेळा घासून दिली होती. हे त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं.

उघड्या बाजूचं काम सोपं नव्हतं. तिथे भिंत नाही, म्हणजे दर दोन पायऱ्यांना खांब हवा, तो पायरीत खोल बसवायला हवा, वरखाली दोन जाड खांब वेगळे. सुतारानं पंधरा दिवस सांगितले. बाई म्हणाल्या, आठ. सुतारानं मान हलवली. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही हे तो एका दांड्यात शिकला होता.

अडचण एकच, माप. पोस्टमन माप द्यायला तयार नव्हते. जिन्याच्या तोंडाशी यायलाच तयार नव्हते. बाई टेप घेऊन गेल्या की ते डोळे मिटून पडायचे आणि म्हणायचे की मला उतरायचं नाही, लाकूड वाया घालवू नकोस. तीन दिवस बाईंनी सांगून बघितलं, भांडून बघितलं, एकदा तर चहा बंद करून बघितला. काही उपयोग झाला नाही.

चौथ्या दिवशी सुतारानं खांब उभे केले. दांडा अजून बसायचा होता, म्हणून उंचीच्या अंदाजानं खांबांना दोरी ताणून बांधली होती. सुतार जेवायला गेल्यावर बाई वर गेल्या. कपाटातून कापडी पट्टा काढला, स्वतःचा उजवा हात कमरेला गच्च बांधला, उजवा गुडघा ताठ केला आणि डाव्या हातानं दोरी धरून उतरायला लागल्या.

पहिली पायरी उतरल्या. दुसरी. तिसऱ्या पायरीला खालची फरशी एकदम वर आल्यासारखी वाटली. चौथ्या पायरीला त्या मटकन खाली बसल्या. हा माणूस कशाला भीत होता ते त्यांना आत्ता कळलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की हा हट्ट करतोय. हट्ट नव्हताच तो. बसल्या जागी त्यांना स्वतःची लाज वाटली.

वरून फरपटत पाय आल्याचा आवाज झाला. पोस्टमन जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

“अगं, पडशील. काय वेडेपणा चाललाय?”

“माप घेतेय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही देत नाही, म्हणून माझंच घेतेय.”

पोस्टमन पट्ट्यानं बांधलेल्या त्या हाताकडे बघत राहिले. बाई उठायला बघत होत्या आणि एका हातानं ते काही जमत नव्हतं.

“उठताना दोरीला ओढू नकोस. खांबाला धर,” ते शेवटी म्हणाले. बाई खांबाला धरून उठल्या. “आणि सुताराला सांग, दांडा पहिल्या पायरीपाशी सुरू करू नको म्हणावं. एक हात मागे घे. उतरताना पाय सुटायच्या आधी हाताला धरायला काहीतरी लागतं. खालीसुद्धा एक हात पुढे ने. लोक तिथेच पडतात, जिना संपला असं वाटतं तिथे.”

“उंची?” बाईंनी विचारलं.

पोस्टमननी डावा हात अंगापासून जरा बाजूला, हवेत धरला आणि तसाच धरून ठेवला. बाईंनी डाव्या हातानं पट्ट्याची गाठ सोडली, वर त्यांच्यापाशी गेल्या, खिशातला टेप काढला आणि माप घेतलं.

सुतारानं दांडा आठव्या दिवशी बसवला. नणंद मुद्दाम त्या वेळी आली होती, पडला तर धरायला म्हणून. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि उठायचं नाही असं सांगितलं. पोस्टमन उतरले. पाचव्या पायरीवर थांबले, घाम पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून घाम तसाच डोळ्यांत जाऊ दिला, आणि पुन्हा उतरले. शेवटच्या पायरीनंतर एक हातभर दांडा धरून पुढे आले आणि फरशीवर उभे राहिले. नणंद तोंडाला पदर लावून रडत होती. सुतार उगाचच एक खांब हलवून बघत होता.

बाई पुढे झाल्या नाहीत. त्यांनी हातसुद्धा दिला नाही. मशीनपाशी गेल्या, जिन्याकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, “आता एकटे वर जा. मी बघणार नाही.”

नणंद काही बोलणार होती, पण बाईंनी मशीन सुरू केलं. सुईखाली कापड होतं, पण शिलाई कुठे चालली होती देव जाणे. कान सगळे मागे होते. त्या मोजत होत्या. सातव्याला थांबले, दम खाल्ला. अकरा. बारा. तेरा. मग वर खोलीपर्यंत फरपटणारं पाऊल, पलंगाची करकर, आणि थोडा वेळ काहीच नाही. वर गेलेला माणूस वरच राहतो की काय, अशी बाईंना धास्ती वाटली.

मग वरून आवाज आला. “अगं, जेवायला किती वाजता उतरू?”

बाईंनी मशीन थांबवलं.

“एक वाजता,” त्या म्हणाल्या. “उशीर करू नका.”