कडी कुठल्या बाजूला

चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त करून चावीकाकांचं एक मत पक्कं झालं होतं. लोक एखाद्या मंडळीला पंथ म्हणोत, नवा धर्म म्हणोत, नाहीतर सरळ खूळ म्हणोत. काका आधी दाराची कडी कुठल्या बाजूला आहे ते बघत.

हे शहाणपण फुकटात आलेलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी टेकडीवरच्या एका गुरूंच्या वस्तीत बारा खोल्यांना बाहेरून कड्या बसवल्या होत्या. साधनेत व्यत्यय नको, असं तिथल्यांनी सांगितलं आणि काकांनी मान डोलावली. पुढे त्यांचा धाकटा भाऊ त्याच वस्तीत गेला, तो गेलाच. त्याची पत्रं यायची, पण अक्षर गुरूंचं असायचं.

आणि आता एकुलती एक मुलगी. पुलापलीकडे दोन वर्षांपासून एक नवी मंडळी जमत होती. डोळे मिटून एकत्र गुणगुणायचं, एवढाच त्यांचा धर्म. तिला तिथे राहायला जायचं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. काका हत्यारांची पिशवी घेऊन, दारं दुरुस्त करण्याच्या निमित्ताने, आधी स्वतःच बघायला गेले.

दुपारचं ऊन पडद्यांतून गाळून येत होतं. गुणगुणणं भिंतींतून झिरपत होतं आणि काकांना आपण झोपेत चालतोय असं वाटत होतं. त्यांनी एकेक दार चाचपलं. सगळ्या कड्या आतून. मोठ्या दाराला तर कडीच नव्हती. तेवढ्यात एक आजीबाई उठल्या, कंटाळा आला म्हणाल्या आणि चपला घालून घरी गेल्या. कुणी डोळेही उघडले नाहीत.

काकांनी शेजारच्या माणसाला विचारलं, त्यांना कुणी थांबवत नाही का?

"उद्या येतील," तो म्हणाला. "नाही आल्या तर त्यांची मर्जी."

काकांना भाऊ आठवला. ते तिथेच दाराला टेकून रडले.

तरंगतच ते घरी आले आणि मुलीच्या खोलीपाशी थबकले. दाराला बाहेरून नवीकोरी पितळी कडी होती, लावलेली. मुलगी पळून जाऊ नये म्हणून सकाळी त्यांनीच बसवली होती, सवयीच्या हाताने, चार स्क्रू घट्ट पिळून. आत ती गुणगुणत होती.

काकांनी पेचकस काढला. चारही स्क्रू खाली पडले, कडी हातात आली, दार उघडलं.

"बाबा, जाऊ?"

"जा," ते म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. "पत्र मात्र स्वतःच्या हाताने लिही."