पूर्ण नाव सांगा

बातमी काय आहे, हे दिवाकर कापगते कधीच आधी विचारत नसत. गावात पूर येवो, वाघ येवो नाहीतर मंत्री येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. खिशातून लाल पुठ्ठ्याची वही निघायची, कानावरचं पेन उतरायचं आणि समोरच्याला ते म्हणायचे, "पूरं नाव सांगा जी. बापाच्या नावासकट. मंग गाव." माणूस धाय मोकलून रडत असला तरी हा प्रश्न चुकायचा नाही. सुरुवातीला मला याची लाज वाटायची. पुढे लक्षात आलं, की रडणारा माणूस नाव सांगता सांगता सावरतो आणि तावातावाने भांडणारा नाव दिल्यावर जरा जपून बोलतो.

एका मराठी वृत्तवाहिनीचे ते गोंदिया जिल्ह्याचे प्रतिनिधी होते. बावीस वर्षं त्यांनी हे काम केलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं मी त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन हिंडलो. मी मूळचा लग्नांचा व्हिडिओवाला. गोंदियाजवळ कुडव्यात माझं छोटं दुकान होतं आणि नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. एका सकाळी दिवाकरभाऊंचा कॅमेरावाला आला नाही, तर हे थेट माझ्या दुकानापुढे मोटरसायकल लावून उभे. "कॅमेरा चालवता येते ना? बस मांगं," एवढंच बोलणं झालं.

गारपिटीने उन्हाळी धानाचं, म्हणजे भाताचं, पीक आडवं झालेल्या एका गावी आम्ही गेलो. मी सवयीप्रमाणे वऱ्हाडी टिपावेत तसे लोक टिपले. परतताना अर्ध्या वाटेत भाऊंनी विचारलं, "ती बांधावर बसलेली म्हातारी कोन होती?"

"असेल गावातलीच कोणीतरी," मी म्हणालो.

त्यांनी कचकन ब्रेक दाबला. "कोनीतरी म्हंजे? तिचं धान गेलं, तिचं तोंड दाखवून राहिलो आपन, अन् नाव नाही?" गाडी वळली. पोटात कावळे ओरडत होते, कंबर मोडली होती आणि अठरा किलोमीटर मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो. त्या म्हातारीचं नाव भागरता गोविंदा शेंडे. ते मला आजही पाठ आहे, यावरून काय ते समजा. त्या दिवशी घरी सोडताना भाऊ म्हणाले, "'एक ग्रामस्थ' नावाचा मानूस मी अजून पाह्यला नाही, खेमू. तुले भेटला तर सांगजो."

त्यांची दुसरी खोड याहून वेळखाऊ. कोणाचंही बोलणं टिपून झालं, की कॅमेऱ्याचा पडदा त्या माणसाकडे वळवायचा आणि त्याला त्याचंच बोलणं ऐकवायचं. "बरोबर आहे ना? पाठवू?" असं विचारायचं आणि त्याने 'पाठवा' म्हटल्यावरच बातमी निघायची. यात आमच्या किती बातम्या शिळ्या झाल्या! दुसऱ्या वाहिन्यांवर त्या आधी झळकायच्या आणि मुंबईच्या डेस्कचा फोन यायचा. भाऊ शांतपणे ऐकून घेत. फोन ठेवल्यावर मात्र आमच्याकडच्या अस्सल झाडीबोलीत डेस्कचा उद्धार करत. मला म्हणायचे, "आपल्या तोंडचं बोलनं आधी आपन पाहावं, मंग जगानं."

देवमाणूस वगैरे ते मुळीच नव्हते. गाडी बैलबंडीसारखी रस्त्याच्या मधून हाकायचे. डॉक्टरांनी हात जोडले तरी तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला नाही. चिडले की दोन दिवस बोलायचे नाहीत आणि तिसऱ्या दिवशी चहा पाजून विसरून जायचे. पण बातमीच्या शेवटी त्यांचं एक वाक्य असायचं, "कॅमेऱ्यावर खेमराज तुळशीराम बिसेन, मी दिवाकर कापगते, गोंदिया." वेळ कमी म्हणून डेस्क ते वाक्य हमखास कापायची. माझे बाबा रोज टीव्हीपुढे बसून त्या वाक्याची वाट पाहायचे. अकरा वर्षांत एकदाही ते लागलं नाही आणि भाऊंनी एकदाही ते म्हणायचं सोडलं नाही.

गेल्या कार्तिकात एका मंगळवारी आम्ही सालेकसा तालुक्यात साजटोल्याला गेलो होतो. कचारगडाकडे जाताना आत वळलं की तीसेक घरांचा हा टोला लागतो. तिथल्या शाळेला एकच शिक्षक आणि तो आठ दिवस फिरकलेला नाही, असा निरोप आला होता. सुगनबाई मंगरू सलामे नावाची बाई कमरेला पदर खोचून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. "मास्तर आठ दिस झाले आला नाही. पोट्टे शाळेपुढं खेळून घरी येतेत. कुठंतरी पिऊन पडला असन," असं ती ठणकावून बोलली. भाऊंनी मला पडदा वळवायची खूण केली आणि नेमकी तेव्हाच बॅटरी बसली. आदल्या रात्री चार्जिंगला लावायची मी विसरलो होतो. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुगनबाईला म्हणाले, "उद्या येतो बाई. तुमाले दाखवल्याबिगर पाठवत नाही. मास्तरलेही इचारतो."

बुधवारी सकाळी भाऊ जोडे घालायला ओट्यावर बसले आणि तसेच एका अंगावर कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचे होते.

माझ्या फोनला दिवसभर दम नव्हता. दर दोन मिनिटांनी भाऊंचा फोटो, खाली फुलं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यांना पाहून मागच्या दाराने निघून जाणाऱ्या एका साहेबांनी 'आमचा जिवलग हरपला' असं लिहिलं, तेव्हा त्या अवस्थेतही मला हसू आलं. बाजारातल्या चहावाल्याने चहाचं उकळतं भगोनं खाली उतरवलं. "भैया, इनकी खबर में इनका चेहरा कम और हमारे जैसों का ज्यादा दिखता था," तो म्हणाला आणि त्याने दुकान बंद केलं. आमच्याच वाहिनीवर मात्र खाली पट्टी धावत होती, 'गोंदियातील ज्येष्ठ टीव्ही पत्रकाराचे निधन'. त्यात नावच नव्हतं. माझं टाळकं सरकलं. डेस्कवरच्या मुलीला मी नको ते बोललो. बिचारी "सर, पट्टीत जागा नव्हती" एवढंच म्हणत राहिली. अर्ध्या तासाने नाव आलं.

दुपारी सौंदडला, भाऊंच्या गावी, माती झाली. धानकापणी ऐन भरात असूनही शेतं टाकून लोक आले होते. आणि तिथे मी जे पाहिलं ते कोणी ठरवून केलेलं नव्हतं. माणसं एकेक करून भाऊंच्या पत्नी मंदावहिनींपुढे येत, हात जोडत आणि आपलं पूर्ण नाव सांगत. "मी रूपचंद आसाराम मेश्राम. भाऊनं माही विहीर टीव्हीवर दाखवली होती." "मी अनुसया दौलत कोरे. माह्या पोरीची सायकल." कोणी रडून ओरडून काही करत नव्हतं. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, एवढं सांगून माणूस बाजूला व्हायचा. वहिनी प्रत्येकाला मान हलवत होत्या. अकरा वर्षं ज्या खोडीपायी मी उपाशी राहिलो, ती त्या अंगणात माझ्यापुढे रांग लावून उभी होती. मी तिथे लहान मुलासारखा रडलो.

संध्याकाळी डेस्कचे प्रमुख स्वतः माझ्याशी बोलले. साजटोल्याचं चित्रण त्यांना हवं होतं. 'कापगते यांची अखेरची बातमी' म्हणून ती चालवायची, मागे हळवं संगीत लावायचं, असा बेत होता. "ती बाई पिऊन पडलाय म्हणते ना, तो तुकडा जबरदस्त आहे. सकाळी पाठवा. आणि बिसेन, आता गोंदियाला आम्हाला प्रतिनिधी लागेलच. तुमचाच विचार आहे." बाईला अजून दाखवलेलं नाही, असं मी पुटपुटलो. ते म्हणाले, "असल्या वेळी कोण विचारतंय?"

खरं सांगतो, मी पाठवणार होतो. कॅमेऱ्याच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याला पक्कं काम कोणी रोज देत नाही. चित्रण फोनवर उतरवूनही ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी सौंदडला वहिनींना भेटायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "खेमू, साजटोल्याच्या बाईले दाखवलं का रे? परवा जेवताना हे म्हनत होते, उद्या जाचं आहे, बाईले बोलून आलो." मी नाही म्हणालो. "मंग इथं कायले बसला?" एवढंच त्या बोलल्या. मी गाडीला किक मारली.

साजटोल्यात पोचलो तर शाळेतून पाढे ऐकू येत होते. दारात गुरुजी उभे होते. कानटोपी घातलेली, डोळे खोल गेलेले, भिंतीला हात टेकलेला. मलेरियाने आठ-नऊ दिवस सालेकशाला खाटेवर होते. ताप उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी उठून आले होते. सुगनबाईपुढे मी पडदा धरला. ती स्वतःचं बोलणं ऐकत गेली आणि शेवटच्या वाक्याला तिने तोंडावर पदर घेतला.

"हे नोका पाठवू जी," ती म्हणाली. "मी बोलली खरं, पन रागानं बोलली. मास्तर मरता मरता वाचला. हे टीव्हीवर आलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, अन् मी त्याले तोंड कसं दाखवलं असतं?"

सकाळी एक बटण दाबलं असतं तर एका आजारी माणसाच्या पोटावर पाय आला असता आणि तोही भाऊंच्या नावाने. मग सुगनबाईने पदर नीट केला. "आता लिवा. शाळेले एकच मास्तर आहे. त्याले ताप आला का शाळेले ताप आला. दुसरा मास्तर द्या, हे माहं बोलनं आहे."

ते सांगायला मी पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे आलो. कॅमेरा धरायला तिचा नवरा मंगरू तयार झाला. शेवटचं वाक्य म्हणायच्या आधी सुगनबाईने मला अडवलं. "भाऊ आमचं पूरं नाव इचारे. त्याईचं पूरं नाव काय होतं जी?"

अकरा वर्षं एका गाडीवर बसलो, एका डब्यात जेवलो, पण भाऊंच्या वडिलांचं नाव मला माहीत नव्हतं. ते स्वतः कधी म्हणायचे नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. मी वहिनींना फोन लावला आणि आवाज मोठा केला. सासऱ्यांचं नाव विचारून बसल्यावर माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासऱ्याचं तर मुळीच नाही. वहिनी जन्मभर 'हे' आणि 'मामाजी' यांवर भागवत आल्या होत्या. शेजारी कोणी असेल तर त्याच्याकडे फोन द्या, असं मी सुचवलं.

"कायले? मीच सांगतो," त्या म्हणाल्या. आणि एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं, "दिवाकर सोनबा कापगते. मुक्काम सौंदड." टोल्यातली माणसं उभ्या जागी ऐकत होती. सुगनबाईने हात जोडले.

बोलणं टिपून झाल्यावर तिला दाखवलं, गुरुजींना दाखवलं. दोघांनी 'पाठवा' म्हटलं. पण नाव वहिनींच्या तोंडचं होतं, म्हणून तिथून तडक सौंदड गाठलं. डेस्कचे सात फोन येऊन गेले होते. वहिनींनी चष्मा लावला आणि पडदा जवळ धरला. त्यात मी घामाघूम होऊन म्हणत होतो, "कॅमेऱ्यावर मंगरू धनसिंग सलामे, मी खेमराज तुळशीराम बिसेन. ही बातमी दिवाकर सोनबा कापगते, मुक्काम सौंदड, यांची." वहिनींनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पाठव."

प्रमुख चिडले होते. ती पट्टीवाली मुलगी मात्र फोनवर हळूच म्हणाली, "सर, शेवटचं वाक्य मी कापत नाहीये." सातच्या बातम्यांत ते पूर्ण लागलं. कुडव्याहून बाबांचा फोन आला, ते वाक्यच त्यांनी मला म्हणून दाखवलं.

काम मला मिळालं, तीन महिन्यांच्या बोलीवर. पुढचं पुढे. त्यानंतर वीसेक दिवसांनी साजटोल्याच्या शाळेत दुसऱ्या शिक्षिका रुजू झाल्या आणि ते टिपायला मी गेलो. नव्या बाई पायरीवर अवघडून उभ्या होत्या, गुरुजी टेबल पुसत होते. मी खिशातून वही काढतोय तोवर गर्दीतून वाट काढत सुगनबाई माझ्यापुढे गेली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"या बाई," ती म्हणाली. "पूरं नाव सांगा तुमचं. बापाच्या नावासकट."